सगळ्यांत वेगवान चौघी हरतात कशा? बायकांच्या सुरुवातीच्या रिलेंबद्दल

सर, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. बायकांच्या रिले आंतरराष्ट्रीय मैदानावर कधी आणि कशा सुरू झाल्या? १९३६ला बर्लिनमध्ये जर्मन मुलींनी एका दिवशी विश्वविक्रम केला आणि दुसऱ्या दिवशी बॅटन, म्हणजे रिलेत एकीने दुसरीच्या हातात द्यायची दांडी, पाडली, हे खरं का? आणि शाळेतल्या सगळ्यांत जोरात पळणाऱ्या चार मुली निवडूनही तुमचा संघ जिल्ह्याला मागे का पडतो? मी बरीच वर्षं मुलींना स्प्रिंट आणि रिले शिकवते. माझ्या मते तिन्हींचं उत्तर बॅटन बदलायच्या झोनमध्येच, म्हणजे ट्रॅकवरच्या त्यासाठी आखलेल्या पट्ट्यातच, सापडतं. त्यामुळे इतिहासही मी तिथूनच सांगणार. कोणती मुलगी किती जोरात पळाली ते पुस्तकांत मिळतं. बॅटन किती जोरात पळाली हे सहसा कोणी लिहीत नाही.

बर्लिनचं आधी सांगते, कारण तुमच्या मुलींना तेच ऐकायचं असेल.

होय, खरं आहे. ८ ऑगस्ट १९३६ला प्राथमिक फेरीत जर्मनीने ४ बाय १०० मीटर ४६.४ सेकंदांत मारली. हा विश्वविक्रम पुढे १९५२पर्यंत टिकला. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरी होती आणि तोच क्रम होता: एमी आल्बुस, केटे क्राउस, मारी डोलिंगर आणि शेवटी इल्झे डोर्फेल्ट. तिसरी धावपटू डोलिंगर शेवटच्या झोनपाशी आली तेव्हा जर्मनी आठ-दहा मीटर पुढे होती. बॅटन बदलताना खाली पडली आणि शर्यत तिथेच संपली. अमेरिकेने ४६.९मध्ये सुवर्ण नेलं. हिटलर स्टेडियममध्येच होता. त्याने नंतर या मुलींना बोलावून त्यांची समजूत घातली.

आता कोचच्या नजरेने बघू. त्याच स्पर्धेतल्या १०० मीटरच्या अंतिम फेरीचे आकडे घ्या. अमेरिकेची हेलन स्टीफन्स ११.५, क्राउस ११.९, डोलिंगर १२.०, अमेरिकेची ॲनेट रॉजर्स १२.२, आल्बुस १२.३. वारा पाठीवर होता, म्हणून हे आकडे थोडे गोड आहेत, पण तुलनेला चालतात. डोर्फेल्ट या अंतिम फेरीत नव्हती. तिचे आल्बुसएवढेच, १२.३, धरू. अमेरिकेच्या उरलेल्या दोघींचेही तेवढेच धरू. पहिल्या तिघींची बेरीज केली तर जर्मनी ३६.२, अमेरिका ३६.८. म्हणजे कागदावर तिसऱ्या बदलापर्यंत जर्मनी जेमतेम पाच मीटर पुढे हवी होती. प्रत्यक्षात ती त्याच्या दीडपट ते दुप्पट पुढे होती. ही जादा कमाई पायांची नाही, पहिल्या दोन बदलांची आहे. जर्मनीचे बदल सुंदर होते. ज्यांनी बॅटन पाडली त्यांनाच त्या दिवशी बॅटन सगळ्यांत चांगली देता येत होती, हे लोक विसरतात.

मग पडली का? शेवटच्या शंभर मीटरकडे बघा. स्टीफन्स ११.५ आणि डोर्फेल्ट साधारण १२.३. फरक आठ दशांश सेकंदांचा, म्हणजे साडेसहा-सात मीटर. आठ-दहा मीटरची आघाडी घेऊन निघालेल्या मुलीला जिंकायला एक ते तीन मीटर उरतात. प्रेक्षकांना ती आघाडी अभेद्य वाटली असेल, पण झोनमध्ये उभ्या असलेल्या मुलीला शेजारच्या लेनमध्ये कोण आहे हे माहीत असतं. जर्मन प्रशिक्षकांनी वेगवान मुली आधी पळवून आघाडी साठवायची आणि शेवटी ती राखायची, असा डाव रचला होता हे क्रमावरूनच दिसतं. डाव बरोबरच होता. मी असते तर मीही तोच क्रम लावला असता. पण अशा डावात सगळ्यांत कमी वेगवान मुलीवर शेवटचा बदल येतो आणि तिच्या मनात पळून जायची घाई असते. हाताला बॅटन पूर्ण लागायच्या आत पाय पुढे जातात. जिल्ह्याच्या स्पर्धेत पडलेल्या बॅटन मोजा. त्यातल्या बऱ्याचशा तिसऱ्या बदलात आणि पुढे असलेल्या संघाच्याच असतात.

अमेरिकेच्या त्या संघात तिसऱ्या टप्प्याला बेटी रॉबिन्सन होती. ही १९२८ची १०० मीटरची विजेती, तेव्हा वय १६. १९३१ला शिकागोजवळ तिचं विमान कोसळलं. तिला मेलेली समजूनच उचलून नेलं, असं सांगतात. ती वाचली, पण गुडघा पूर्ण वाकेना. गुडघा वाकत नाही म्हणजे बसून स्टार्ट घेता येत नाही, म्हणजे १०० मीटरचा दरवाजा बंद. पण रिलेत पहिलीच मुलगी बसून सुटते, बाकी तिघी उभ्याने. रॉबिन्सनला या एका नियमाने दुसरं ऑलिंपिक सुवर्ण दिलं. हे मी माझ्या मुलींना मुद्दाम सांगते, कारण स्टार्ट वाईट असलेल्या मुलीला आपण शाळेत लगेच स्प्रिंटमधून काढून टाकतो. तिला दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यावर पळवून बघा.

आता सुरुवातीकडे.

पहिल्या महायुद्धानंतर युरोपात मुलींचे ॲथलेटिक्स क्लब भराभर उभे राहिले, पण ऑलिंपिकचं दार बंद होतं. फ्रान्समधल्या नांतची अ‍ॅलिस मिलिया ही मूळची रोइंगवाली. तिने बायकांच्या ॲथलेटिक्सला ऑलिंपिकमध्ये जागा मागितली आणि नकार आला. मग तिने आपलीच स्पर्धा भरवायला मदत केली. मार्च १९२१मध्ये मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोखालच्या कबुतरांच्या नेमबाजीच्या मैदानावर पाच देशांच्या मुली जमल्या: फ्रान्स, ब्रिटन, इटली, नॉर्वे, स्वित्झर्लंड. तिथे ६०, २५० आणि ८०० मीटरच्या शर्यती होत्या आणि दोन रिले होत्या, ४ बाय ७५ मीटर आणि ४ बाय १७५ मीटर. ब्रिटनच्या मेरी लाइन्सने ६० आणि २५० दोन्ही जिंकल्या.

या अंतरांवर हसू नका. ४ बाय ७५ ही कोचच्या दृष्टीने फार क्रूर शर्यत आहे. मुलगी पूर्ण वेगात येते न येते तोच पुढचा बदल. अवघ्या ३०० मीटरमध्ये तीन बदल, म्हणजे शर्यतीचा मोठा हिस्सा झोनमध्येच जातो. शाळेच्या छोट्या मैदानावर मी अजूनही मुलींना हेच अंतर पळवते. कोणाचा हात कच्चा आहे ते पाच मिनिटांत कळतं.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला मिलियाने पॅरिसमध्ये बायकांचा आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघ स्थापन केला आणि २० ऑगस्ट १९२२ला पॅरिसच्या पर्शिंग स्टेडियमवर एका दिवसाची मोठी स्पर्धा भरवली. तिला ऑलिंपिकचं नाव दिलं म्हणून ऑलिंपिकवाले चिडले. तिथे ४ बाय ११० यार्डची रिले ब्रिटनने ५१.८ सेकंदांत जिंकली, संघात मेरी लाइन्स होतीच. त्या एका दिवसात अठरा विश्वविक्रम नोंदले गेले असं अभिमानाने सांगतात. आधी फारशी नोंदच नसलेल्या शर्यतींमध्ये विक्रम स्वस्त असतात, हेही लक्षात घ्यावं. पण १९२६ला स्वीडनमधल्या गोटेनबर्गला पुढची स्पर्धा झाली तेव्हा ब्रिटनच्याच मुलींनी तीच रिले ४९.८मध्ये मारली. चार वर्षांत दोन सेकंद. मुली चार वर्षांत एकदम इतक्या वेगवान होत नसतात. यातला बराच भाग बदल घोटून घेतल्याचा असणार, असं माझं मत आहे. (११० यार्ड म्हणजे १०० मीटर आणि वर अर्धा मीटर. त्यामुळे हे आकडे मीटरच्या रिलेशी थेट लावताना तीन दशांश वजा धरा.)

या दबावामुळे १९२८ला ॲमस्टरडॅममध्ये बायकांना अखेर ऑलिंपिकमध्ये घेतलं, पण पाचच प्रकारांत: १०० मीटर, ८०० मीटर, ४ बाय १०० रिले, उंच उडी आणि थाळीफेक. मिलियाने याच्या दुप्पट मागितले होते. ब्रिटनच्या मुलींनी निषेध म्हणून संघच पाठवला नाही. म्हणजे तोवर रिलेत सगळ्यांत मुरलेला देश पहिल्या ऑलिंपिक रिलेला हजरच नव्हता. तुम्ही मुलींना निकाल सांगाल तेव्हा हेही सांगा.

ॲमस्टरडॅमची रिले माझी आवडती आहे, कारण तिच्यात आधीच्या आठवड्याचा हिशेब चुकता झाला. १०० मीटरच्या अंतिम फेरीत सहा जणी होत्या, त्यातल्या तीन कॅनडाच्या. कॅनडाच्या मर्टल कुकने जुलैमध्येच हॅलिफॅक्सला १२.० सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. तिने दोनदा आधी सुटून शर्यत गमावली आणि मैदानातच रडत बसली. जर्मनीची लेनी श्मिटही अशीच बाद झाली. १६ वर्षांची रॉबिन्सन १२.२मध्ये जिंकली. कॅनडाच्या बॉबी रोझेनफेल्डला रौप्य, एथेल स्मिथला कांस्य. पाच दिवसांनी, ५ ऑगस्टला रिले. कॅनडाचा क्रम असा होता: रोझेनफेल्ड, स्मिथ, जेन बेल आणि अँकरला, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर, तीच मर्टल कुक. अमेरिकेच्या अँकरला रॉबिन्सन. बाद झालेली आणि विजेती, दोघी शेवटच्या शंभर मीटरमध्ये. कॅनडा ४८.४, अमेरिका ४८.८, जर्मनी तिसरी, आणि जर्मनीच्या संघातही श्मिट होती.

कॅनडाच्या कोचने कुकला शेवटी का ठेवलं असेल? आधी सुटून बाद झालेल्या मुलीला पहिल्या टप्प्यावर, पिस्तुलासमोर, कोणी उभी करत नाही. तिचा वेग आणि तिची चिडचिड दोन्ही अँकरला कामी येतात. आणि तिच्याकडे बॅटन आणणारी मुलगी डोक्याने शांत हवी. बेल अठरा वर्षांची होती आणि चौघींतली सगळ्यांत अनोळखी. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या संघाची बॅटन अडखळली नाही.

इथे मुलींना फळ्यावर एक गणित करून दाखवा. ४८.४ भागिले चार म्हणजे १२.१. १०० मीटरची ऑलिंपिक विजेती १२.२मध्ये पळाली आणि कॅनडाच्या चार मुलींची सरासरी तिच्यापेक्षा चांगली. हे कसं? कारण चारपैकी तिघी पळत्या स्थितीत बॅटन घेतात, शून्यातून सुरुवात एकीचीच. आता जर्मनीच्या ४६.४चं करा. वर घेतलेल्या चौघींच्या वेळांची बेरीज ४८.५ येते, संघ पळाला ४६.४. दोन सेकंदांहून जास्त वाचले. हे दोन सेकंद तीन बदलांतून आले. ज्या संघाची वैयक्तिक बेरीज आणि रिलेची वेळ यात जेमतेम सेकंदाचाच फरक असतो, त्याला मी वेगाचा सराव बंद करून आधी बॅटन द्यायला लावते.

त्या काळच्या झोनबद्दल थोडं खोलात सांगते, कारण जुन्या निकालांचा अर्थ त्याशिवाय लागत नाही.

झोन वीस मीटरचा होता, मधल्या रेषेच्या मागे दहा आणि पुढे दहा. बॅटन त्याच्या आतच हातात पडली पाहिजे. पण महत्त्वाचं हे की घेणारीलाही सुरुवात त्याच वीस मीटरच्या आतून करावी लागे. मागे दहा मीटर जाऊन वेग घेऊन येण्याची मुभा १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मिळाली. आता तर सगळा मिळून तीस मीटरचा झोन आहे, आणि तुमच्या मुलींना वाटतं असंच असतं.

फरक किती पडतो ते बघा. बारा सेकंदांत १०० मीटर पळणारी मुलगी पूर्ण वेगात सेकंदाला साधारण नऊ मीटर जाते. तीच उभ्याने निघाली तर पहिल्या पंधरा मीटरला तिला पावणेतीन सेकंदांच्या आसपास लागतात, आणि त्या ठिकाणी तिचा वेग फार तर सातच्या घरात असतो. म्हणजे देणारी नऊच्या आसपास येते आणि घेणारी सातच्या घरात चाललेली. मागची पुढचीवर चढणार. म्हणून त्या काळी एक तर देणारीला झोनमध्ये वेग मारावा लागे, नाही तर घेणारीला मार्क (देणारी जिथे आली की घेणारीने सुटायचं ती जमिनीवरची खूण) लांब लावून लवकर सुटावं लागे, आणि मग बॅटन झोनच्या शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये हातात येई. पाऊलभर चूक झाली की झोनबाहेर, म्हणजे बाद. आज दहा मीटर जादा धावल्यावर घेणारी जवळजवळ देणारीच्या वेगात आलेली असते. तेव्हा तसं नव्हतं. त्या मुलींचे चांगले बदल आजच्या चांगल्या बदलांपेक्षा अवघड होते, असं मी बेधडक म्हणेन.

त्यात ट्रॅक सिंडरचा, म्हणजे कोळशाच्या राखेचा आणि भाजक्या खंगराचा दाबून केलेला. पाऊस पडला की जड, ऊन पडलं की भुसभुशीत. ऑलिंपिकमध्ये स्टार्टिंग ब्लॉक १९४८ला आले. त्याआधी पहिल्या टप्प्याची मुलगी हातात छोटं खुरपं घेऊन येई आणि पायांसाठी दोन खड्डे खणे. ते झाल्यावर बॅटन धरून बसायचं. अंगठा आणि तर्जनी जमिनीवर रेषेमागे टेकवायची आणि उरलेल्या तीन बोटांत बॅटन आवळायची. करून बघा. ज्या मुलीला हे आपोआप जमत नाही तिची पहिली दोन पावलं वाकडी पडतात. तेव्हाची बॅटन लाकडी असायची, घामाने गुळगुळीत होणारी.

हात बदलण्याची पद्धतही वेगळी होती. डाव्या हाताने घ्यायची आणि पळता पळता उजव्या हातात करायची, ही रीत फार चालायची. पुढचा बदल पुन्हा उजवीकडून डावीकडे. म्हणजे प्रत्येक मुलीच्या वाट्याला बॅटन निसटण्याचा एक क्षण जादा. आज आपण पहिलीला उजव्या हातात, दुसरीला डाव्या, तिसरीला उजव्या, चौथीला डाव्या अशी पळवतो आणि मधे हात बदलत नाही. वळणावरच्या पहिली आणि तिसरी लेनच्या आतल्या कडेने पळतात, दुसरी आणि चौथी बाहेरच्या कडेने उभ्या राहतात. कोणी कोणाच्या पायात येत नाही.

पायात येण्याचं म्हणते ते उगाच नाही. १९५२चं हेलसिंकी बघा. ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी प्राथमिक फेरीत ४६.१ मारून जर्मनीचा सोळा वर्षांचा विक्रम मोडला. शर्ली स्ट्रिकलंड, व्हर्ना जॉन्स्टन, विन्सम क्रिप्स आणि अँकरला मार्जोरी जॅक्सन, जिने १०० आणि २०० दोन्ही जिंकल्या होत्या. अंतिम फेरीत शेवटचा बदल झाला, बॅटन जॅक्सनच्या हातात गेलीही. आणि मागून येणाऱ्या क्रिप्सचा गुडघा त्या हाताला लागला. बॅटन उडाली. जॅक्सनने ती उचलली आणि तरीही ४६.६मध्ये पाचवी आली. अमेरिका ४५.९मध्ये जिंकली, जर्मनीही त्याच वेळेत दुसरी. अमेरिकेच्या संघात बार्बरा जोन्स १५ वर्षांची होती. बॅटन पडून, थांबून, उचलूनही सात दशांशच मागे! बदल सुटला नसता तर काय झालं असतं ते तुम्हीच धरा. देणारीने बॅटन सोडल्यावरही आपल्या कडेनेच धावत राहायचं, लगेच आत वळायचं नाही, हे मी मुलींना याच शर्यतीवरून शिकवते. बदल हात सुटल्यावर संपत नाही, दोघींमध्ये अंतर पडल्यावर संपतो.

मधल्या वर्षांचं थोडक्यात. १९२८च्या ८०० मीटरनंतर वर्तमानपत्रांनी मुली कोसळल्याच्या अतिरंजित बातम्या छापल्या आणि ती शर्यत १९६०पर्यंत बंद झाली. २०० मीटर बायकांना १९४८ला मिळाली. म्हणजे १९३२ आणि १९३६ला मुलीने ऑलिंपिकमध्ये पळायचं तर तीनच वाटा होत्या: १०० मीटर, ८० मीटर अडथळा आणि रिले. वळणावर चांगली पळणारी, दीडशे मीटरपर्यंत वेग टिकवणारी मुलगी हिला रिलेखेरीज कुठे जागाच नव्हती. रिले तेव्हा इतकी मानाची का होती याचं कारण हेच.

१९३२ला लॉस एंजेलिसला मंदीमुळे सहाच संघ पोचले, थेट अंतिम फेरी. शंभर मीटर जिंकणारी स्टेला वॉल्श पोलंडची, आणि पोलंडचा रिले संघच नव्हता. कॅनडाच्या अँकरला रौप्यविजेती हिल्डा स्ट्राइक, अमेरिकेच्या अँकरला कांस्यवाली विल्हेल्मिना फॉन ब्रेमेन. कागदावर शेवटचा टप्पा कॅनडाचा. जिंकली अमेरिका, दशांश सेकंदाने. अमेरिकेच्या राखीव मुलींमध्ये टायडी पिकेट आणि लुईस स्टोक्स या दोन कृष्णवर्णीय मुली होत्या. त्यांना पळवलंच नाही. त्याच शर्यतीत जर्मनीने काय केलं ते ऐका: मोजक्याच मुली पाठवता आल्या म्हणून रिलेत भालाफेकीच्या आणि गोळाफेकीच्या मुली उभ्या केल्या, सोबत एक डोलिंगर. शेवटून पहिल्या आल्या. तिथून चार वर्षांत ४६.४. त्या डोलिंगरची मुलगी ब्रुनहिल्डे हेंड्रिक्स १९६०ला रोममध्ये जर्मनीकडून ४ बाय १०० पळाली आणि तिने रौप्य आणलं. तिचे वडीलही १९३२चे रिलेचेच रौप्यवाले. घरात जेवताना काय गप्पा होत असतील!

राष्ट्रकुलातली गंमतही सांगा. १९३४ला लंडनच्या एम्पायर गेम्समध्ये बायकांच्या रिले समान टप्प्यांच्या नव्हत्या. एक ११०, २२०, ११० यार्डांची, ती इंग्लंडने जिंकली. दुसरी २२०, ११०, २२०, ११०, ती कॅनडाने. अशा रिलेत क्रम लावणं म्हणजे कोचचं खरं काम. लांब टप्प्याची मुलगी दमून झोनमध्ये येते, तिचा वेग उतरलेला असतो, म्हणून तिच्यासाठी मार्क जवळ लावावा लागतो. एकच मार्क सगळ्यांना लावणारा कोच तिथे उघडा पडतो.

आपल्याकडे हे कधी आलं, तेही मुलींनी विचारलं असेल. मार्च १९५१ला दिल्लीत पहिले एशियन गेम्स झाले. तिथे आपल्या मुलींनी ४ बाय १००मध्ये जपानमागे रौप्य घेतलं. त्या संघात रोशन मिस्त्री होती, जिने १०० मीटरलाही रौप्य मिळवलं, आणि मेरी डिसूझा होती, मूळ गोव्याची, वांद्र्याला वाढलेली, हॉकीही खेळणारी. मेरी पुढच्या वर्षी हेलसिंकीला १०० आणि २०० पळाली. ॲथलेटिक्सला आपल्याकडून ती आणि नीलिमा घोष अशा दोघीच गेल्या होत्या, त्यामुळे रिलेचा प्रश्नच नव्हता. मग १९५४ला मनिलाला क्रिस्टिन ब्राउन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसूझा यांनी ४९.५ सेकंदांत सुवर्ण घेतलं. आकडा आज लहान वाटतो. पण वीस मीटरच्या झोनमधून, सिंथेटिक ट्रॅक नसताना, वर्षातून किती दिवस चौघींना एका मैदानावर एकत्र सराव करायला मिळत असेल? रेल्वेच्या आणि राज्यांच्या स्पर्धांमध्ये एकमेकींविरुद्ध पळणाऱ्या मुली शिबिरापुरत्या एकत्र येत. एकमेकींच्या पावलांचा अंदाज असलेल्या सरासरी मुली अनोळखी वेगवान मुलींना हरवतात, हे मी महाराष्ट्राच्या कितीतरी आंतरजिल्हा स्पर्धांत पाहिलंय.

तर आता तुमचा संघ. तुम्ही प्रत्येकीची पळण्याची वेळ बघून चार मुली निवडता. त्याऐवजी सहा मुली घ्या आणि वेळ बॅटनची घ्या. झोनच्या आधी दहा मीटरवर एक खूण, झोन संपल्यावर दहा मीटरवर दुसरी. बॅटन पहिल्या खुणेवरून जाते तेव्हा घड्याळ सुरू, दुसरीवरून जाते तेव्हा बंद. कोणाचे पाय किती जोरात आहेत ते या वेळेत दिसत नाही, जोडी दिसते. सहा मुलींच्या सगळ्या जोड्या दोन्ही बाजूंनी करून बघा. एकच मुलगी एकीला बॅटन देते तेव्हा वेळ चांगली येते आणि दुसरीला देते तेव्हा वाईट, असं तुम्हाला नक्की दिसेल.

मार्क लावताना सुरुवात जवळून करा. घेणारी जिथे उभी राहते तिथून मागे तिच्याच स्पाइक्सच्या पावलांनी बावीस-चोवीस पावलं मोजून चिकटपट्टी लावा. देणारी त्या पट्टीवर आली की घेणारीने वळून न बघता सुटायचं. बॅटन फार लवकर, घेणारी अजून हळू असतानाच पोचली, तर पट्टी मागे न्या. पोचतच नसेल तर पुढे आणा. एका वेळी दोन पावलांपेक्षा जास्त हलवू नका, आणि दमलेल्या मुलींवर मार्क ठरवू नका, सकाळी ताज्या असताना ठरवा. आवाज एकच ठेवा. आमच्याकडे "घे" म्हणतात. "घे" ऐकल्यावर हात मागे जातो आणि तिथेच स्थिर राहतो, बॅटन शोधत फिरत नाही. देणारीने हात दिसल्यावरच बॅटन ठेवायची, अंदाजाने नाही. आणि तुमच्या संघातली सगळ्यांत कमी वेगाची मुलगी तिसऱ्या टप्प्यावर चालते का, ते वळणावर पळवून बघा. वळणावर काही मुली सरळ रेषेपेक्षा बऱ्या पळतात आणि आपल्याला वर्षभर त्याचा पत्ता नसतो.